बेस वाजला की हेडलाइट मंद होतो, दुसरी बॅटरी टाकू का?

पत्र:

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, केळी लावतो. माझी २०१७ ची बोलेरो आहे. तिच्यात चार चॅनेलचा एक अॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर), वूफरसाठी वेगळा मोनो अॅम्प आणि बारा इंची वूफर बसवलाय. मोनोच्या खोक्यावर ३००० वॉट लिहिलंय. त्याला ३०-३० चे दोन फ्यूज आहेत, चार चॅनेलवाल्याला ३० चा एक. अडचणी दोन. रात्री गाडी चालवताना बेसचा ठोका पडला की हेडलाइट मंद होतात. आणि गेल्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती, इंजिन बंद ठेवून तीनेक तास अहिराणी गाणी वाजवली, निघताना सेल्फ नुसता टकटक करत राहिला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू केली. मित्र अजून चिडवतात, ‘बंद पडनी रे गाडी!’ फिटर म्हणतो मागे दुसरी बॅटरी टाकू, सोबत क्षणभराची वीज साठवणारा एक कपॅसिटर, बावीस हजारात दोन्ही त्रास जातील. वडील म्हणतात, घरी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे, तीच टाक. गाडीची बॅटरी ८० एएचची (अँपिअर-तास), साडेतीन वर्षं झाली. अल्टरनेटरच्या पट्टीवर ९० अँपिअर लिहिलंय. काय करू? फेब्रुवारीत मामेभावाची हळद आहे, तेव्हाही गाडीवरच गाणी वाजवायची आहेत. नाव छापू नका, वडील हे सदर वाचतात.

उत्तर:

भाऊ, तुमच्या दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, आणि फिटरने दोन्हींना एकच उत्तर देऊन टाकलंय. एक तक्रार इंजिन चालू असतानाची आहे, दुसरी इंजिन बंद असतानाची. दुसरी बॅटरी फक्त दुसऱ्या तक्रारीला लागू पडते. पहिलीवर तिचा उपयोग जवळपास नाही. उलट ती अल्टरनेटरवरचा भार वाढवेल.

इंजिन चालू असताना गाडीतली सगळी वीज अल्टरनेटर देतो. जुनी माणसं त्याला अजून डायनामो म्हणतात. ठोक्याचा क्षण सोडला तर बॅटरी त्या वेळी वीज ‘देत’ नसते, ती स्वतः चार्ज होत असते. दुसरी टाकी बांधली म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही. त्यात शेतातून रिकामी होऊन आलेली दुसरी बॅटरी अल्टरनेटरकडून आणखी वीस-तीस अँपिअर खेचते, म्हणजे परतीच्या रस्त्यावर हेडलाइटचे हाल जास्तच.

आता हिशोब करू. खोक्यावरच्या ३००० वॉटवर जाऊ नका, तो आकडा विकण्यासाठी असतो. अॅम्प खरा किती खातो ते त्याच्या फ्यूजवर कळतं. मोनोला ३०-३० चे दोन, म्हणजे ६० अँपिअर. गाडी चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं. ६० गुणिले १३.८ म्हणजे आत जाणारे ८२८ वॉट. क्लास डी जातीचा अॅम्प त्यातले साधारण ८० टक्के वूफरला देतो, बाकीची उष्णता होते. तेव्हा बाहेर साडेसहाशे वॉट आले तरी पुष्कळ. उरलेले तेवीसशे वॉट फक्त खोक्यावर. चार चॅनेलवाल्याचा ३० धरून दोन्ही मिळून ९० अँपिअर होतात. तुमचा अल्टरनेटरही ९० चाच, आणि गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा.

पण यावर लगेच घाबरू नका. गाणं म्हणजे सलग भोंगा नव्हे. ढोलाचा ठोका पडतो तेवढा क्षण करंट वर जातो आणि खाली येतो. सरासरी काढली तर पूर्ण आवाजातसुद्धा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे तीस अँपिअर धरा. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, पंखे, इंजिनची इलेक्ट्रॉनिक्स मिळून रात्री तीस-पस्तीस. एकूण साठ-पासष्ट. हायवेला ९० चा अल्टरनेटर हे सहज पेलतो. ठोक्याच्या क्षणाला जे जास्तीचं लागतं, ते अल्टरनेटर इतक्या झटकन देऊ शकत नाही. तेवढं बोनेटखालच्या बॅटरीने सांभाळायचं असतं. ती तगडी असेल तर हेडलाइट जेमतेम हलतात. तुमचे नजरेत भरण्याइतके मंद होतात, म्हणून माझा पहिला संशय त्या बॅटरीवर आहे आणि दुसरा अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या वायरींवर.

साडेतीन वर्षं हे वय आपल्याकडे कमी नाही. बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून मोजतात, आणि त्यावर दर दहा अंशांना ते जवळजवळ निम्मं होतं असा ठोकताळा आहे. जळगाव-भुसावळकडचा मे महिना ४५ च्या घरात जातो, बोनेटखालचं तर विचारूच नका. त्यात तीन तास गाणी वाजवून तुम्ही ती एकदा पूर्ण उतरवलीत. सेल्फ मारण्यासाठी बनवलेल्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर भरपूर करंट देऊन लगेच पुन्हा भरून घेणं हे तिचं काम. तळ गाठणं तिला सोसत नाही.

बावीस हजार काढण्याआधी एक डिजिटल मीटर आणा आणि अर्धा दिवस द्या. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ च्या वर असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. बाराच्या खाली असेल तर आधी चार्जरला लावा, बाकीची तपासणी नंतर. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. बॅटरी भरलेली असूनही साडेनऊच्या खाली घसरली, तर तिचे दिवस भरलेत. नवी घ्या आणि बाकीचं वाचायच्या आधी गाणी लावून बघा. पुष्कळांची तक्रार इथेच मिटते.

ती ठीक निघाली तर इंजिन चालू करून थोडं रेस धरा. टर्मिनलवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. आता हेडलाइट, ब्लोअर आणि गाणी सगळं लावा. साध्या मीटरला ठोक्याचा झटका पकडता येत नाही, आकडा नुसता नाचतो. म्हणून मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सलग सूर तीन-चार सेकंद वाजवा. त्याहून जास्त वेळ नको, वूफरची कॉइल जळते. त्या वेळी टर्मिनलवर १३ च्या वर राहिलं तर अल्टरनेटरला दोष देऊ नका. १२.६ किंवा खाली आलं तर बेल्ट ढिला आहे का, अल्टरनेटरचे ब्रश घासलेत का, ते आधी बघून घ्या.

नंतर मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून तोच सूर वाजवा. मग लाल पिन गाडीच्या बॉडीवर ठेवून पुन्हा. दोन्ही वेळा आकडा शून्याजवळ हवा. ०.२ च्या वर गेला तर अर्थिंगची वायर सडली आहे किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. शेतातल्या धुळीत आणि केळीच्या बागेतल्या ओलीत फिरणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं. टर्मिनलवर पांढरट-हिरवट फुलोरा दिसतो ना, तसाच बोल्टाखालीही असतो, फक्त दिसत नाही. बोल्ट काढायचा, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडं करायचं, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवायचा आणि वरून ग्रीस लावायचं.

इथेच तीन वायरी जाड करून घ्या: अल्टरनेटर ते बॅटरीचा प्लस, बॅटरीचा मायनस ते बॉडी, आणि इंजिन ते बॉडी. कंपनीने या वायरी कंपनीच्या स्टिरिओपुरत्या दिलेल्या असतात, तुमच्या वूफरपुरत्या नाहीत. जुन्या काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला नव्या घालायच्या. २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. अल्टरनेटरकडून येणाऱ्या वायरीलाही फ्यूज हवा.

वायर घेताना खिशात चाकू ठेवा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास तांब्याच्या नावाने खपते, कार ऑडिओच्या तयार किटमध्ये तर जास्तच. एक तार सोलून पात्याने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती अॅल्युमिनियम. वरून चंदेरी आणि आतून लाल निघाली तर कथील चढवलेलं तांबं, ते चांगलं. अॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्केच वीज वाहतं. ते वापरायचंच असेल तर स्क्वेअर एमएममधली जाडी दीडपटीहून जास्त धरावी लागते, आणि ते दुकानदार सांगत नाही. लग हातोडीने ठोकून बसवू देऊ नका. लग दाबून बसवायचं क्रिंपिंगचं हत्यार फिटरकडे नसेल तर लेथवाल्याकडे किंवा मोटार वाइंडिंगवाल्याकडे असतं. ठोकलेला लग दोन महिने चालतो, मग गरम व्हायला लागतो.

कपॅसिटरचं सांगायचं तर त्याचे पैसे वाचवा. एक फॅरॅडच्या कपॅसिटरचं व्होल्टेज १४ वरून १२ वर येईपर्यंत त्यातून फक्त २६ ज्यूल ऊर्जा निघते. तुमचा मोनो अॅम्प जोरात असताना सेकंदाला आठशे ज्यूल खातो. म्हणजे सेकंदाच्या तीसाव्या हिश्श्यात कपॅसिटरचा खेळ संपला. त्यावरचा निळा दिवा मात्र छान दिसतो.

आता शेतातली पार्टी. इथे इंजिन बंद, अल्टरनेटर बंद, सगळा भार बॅटरीवर. मध्यम आवाजात तुमची सिस्टीम सरासरी वीस अँपिअर धरा. तीन तासांचे साठ एएच झाले. साडेतीन वर्षांच्या ८० एएच बॅटरीतून साठ काढल्यावर सेल्फला काय उरणार? पऱ्हाटीवर वांगी भाजायला घेतली तेव्हाच तिची घरघर सुरू झाली असेल, कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. या तक्रारीवर दुसरी बॅटरी हे खरं उत्तर आहे.

पण गरज आहे का, ते स्वतःला विचारा. भरिताचा हंगाम हिवाळ्याचा. त्यात अशा पार्ट्या तीन-चार होत असतील तर मी दुसरी बॅटरी घेणार नाही. अॅम्पला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या रिमोट वायरीत एक लो-व्होल्टेज कटऑफ बसवेन, १२.२ ला गाणी आपोआप बंद करणारा. स्वस्तातलं यंत्र आहे. गाणी बंद पडली की मित्र ओरडतील, पण गाडी सेल्फ घेईल. मग पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून पुन्हा लावा. जोडीला चांगल्या जाड जंपर केबल गाडीत ठेवा. शेतात ट्रॅक्टर असतोच.

दर आठवड्याला मळ्यावर मैफल असेल, किंवा क्रिकेटच्या टुर्नामेंटला दिवसभर गाडी उभी करून गाणी लागणार असतील, तर मात्र दुसरी बॅटरी टाका आणि नीट टाका. बोलेरोला बंद डिकी नसते. मागचा भाग आणि माणसं बसतात तो भाग एकच. म्हणून पाण्याची बॅटरी तिथे चालणार नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. सीलबंद एजीएम जातीची (आत मोकळं अॅसिड नसलेली) घ्या, १०० एएचची. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही या हिशोबाने ती अडीच तास देईल. वजन तीस किलोच्या आसपास. ती लोखंडी पट्टीने गाडीच्या तळाच्या पत्र्याला बोल्ट मारून आवळा. हातेड रोडवर अचानक ब्रेक लागला तर तीस किलोचा ठोकळा पुढच्या सीटवर येऊ नये.

दोन बॅटऱ्या थेट जोडायच्या नाहीत. तशा जोडल्या तर गाणी दोन्हींना मिळून उतरवतील आणि आता एका बॅटरीने जे केलं ते दोघी मिळून करतील. शिवाय जुनी आणि नवी एकत्र बांधली की जुनी नवीला रात्रभर खात बसते. मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले हवा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की तो दोन्ही जोडतो, इंजिन बंद होऊन १२.८ ला आलं की तोडतो. अॅम्प फक्त मागच्या बॅटरीवर, सेल्फ आणि गाडी फक्त पुढच्या. रिले निदान सव्वाशे अँपिअरचा घ्या. फिटर हॉर्नचा छोटा रिले किंवा ट्रॅक्टरच्या सेल्फचा सोलेनॉइड काढून दाखवेल, तर दोन्ही नको. सेल्फचा सोलेनॉइड काही सेकंद चालण्यासाठी असतो, तासभर चालू ठेवला की जळतो.

या कामात लोक सगळ्यात जास्त चुकतात ते फ्यूजमध्ये. पुढून मागे जाणाऱ्या लांब वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण आता दोन्ही टोकांना बॅटरी आहे. वायर मध्ये कुठे घासून बॉडीला टेकली तर दोन्हीकडून करंट येतो. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवा. तो वायरीच्या ताकदीप्रमाणे निवडायचा, अॅम्पच्या नाही. २५ स्क्वेअर एमएमला १०० अँपिअरचा ठेवा. वायर इंजिनच्या बाजूने आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट घाला आणि सायलेन्सरपासून लांबून न्या. वायरिंग जळून पेटलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा यातलीच एखादी गोष्ट राहून गेलेली असते.

मागच्या बॅटरीचं भरणंही लक्षात ठेवा. पन्नास एएच काढल्यावर शेतातून घरापर्यंतच्या वीस मिनिटांत ती भरत नाही. शेवटचा वीस टक्के भाग तर शिशाची बॅटरी हळूहळूच घेते. घरी पोचल्यावर रात्रभर चार्जरला लावायची. अर्धी भरलेली तशीच आठवडाभर ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि दुसऱ्या हिवाळ्यात ती गेलेली असते. तुमची गाडी २०१७ ची आहे म्हणून हा रिले चालतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी पुष्कळांत अल्टरनेटर कॉम्प्युटर सांगेल तसं व्होल्टेज कमी-जास्त करतो आणि रिले गोंधळतो. त्या वाचकांना डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी मागच्या बॅटरीला ठरावीक व्होल्टेज देणारं यंत्र, लागेल. त्यांनी तुमच्या फिटरच्या नादी लागू नये.

वडिलांना सांगा, इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत नको. ती ट्यूब्युलर, पाण्याची, पन्नास-साठ किलोची. घरात एका जागी बसून पंखे-दिवे तासन्‌तास हळूहळू चालवण्यासाठी ती बनलेली आहे. खड्ड्यातून गाडी गेली की बुचातून अॅसिड उडतं. मागे कार्पेट, सीट आणि लेकरांच्या शाळेच्या बॅगा असतात. आणि ती ‘जुनी म्हणून पडून आहे’ म्हणजे बहुतेक गेलेलीच आहे. भंगारवाला तिच्या शिशाचे चांगले पैसे देतो, ते नव्या बॅटरीत घाला. नवी घेताना पुढची जुनी बॅटरीही दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे किमतीत वळते होतात. आणि जोवर पाण्याची बॅटरी आहे तोवर तिच्यात आरओचं किंवा एसीचं पाणी ओतू नका, डिस्टिल्डच हवं.

राहिली हळद. मिरवणुकीत गाडी पायी चालण्याच्या वेगाने जाते, इंजिन आयडलवर असतं आणि त्या वेगाला ९० चा अल्टरनेटर पन्नाससुद्धा देईल की नाही. दोन तास पूर्ण आवाजात वाजवायचं तर दोन बॅटऱ्या टाकूनही शेवटी आवाज फाटणार. व्होल्टेज पडलं की अॅम्प क्लिप होतो, म्हणजे सुराची टोकं कापून फाटका आवाज देतो, आणि वूफर त्यातच जळतो. डीजेवाले बॅटरीवर विसंबत नाहीत, टेम्पोवर जनरेटर घेऊन फिरतात, ते उगाच नाही. मामेभावाला डीजे ठरवायला सांगा, किंवा बोलेरोवर वाजवायचंच असेल तर एसी बंद, आवाज साठ टक्क्यांवर आणि इंजिन थोडं रेसवर. रात्री दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई करतात. सणासुदीला काही दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, ती हळदीला धरू नका.